मैत्रिणीच्या गावी, मात्सुयामाला जायचंय. तिच्या घरी राहावं का?

खाडीकिनारी (ऐरोली)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई दहा दिवसांसाठी जपानला निघतोय. तोक्यो, क्योतो आणि हिरोशिमा एवढं पक्कं झालंय. अडलंय ते मात्सुयामापाशी.

माझी एक जपानी मैत्रीण आमच्या महापेच्या ऑफिसात तीन वर्षं होती. ऐरोलीत आमच्या मागच्याच इमारतीत भाड्याने राहायची. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा चार रात्री ती आमच्याकडे झोपायला आली, आणि तिथून पुढे गुरुवारचं जेवण आमच्याकडे हा नेमच पडला. आईला इंग्रजी जेमतेम, तिला मराठी जेमतेम, तरी दोघी ओट्याशी उभ्या राहून तास तास काहीतरी करत असायच्या. पुरणपोळी लाटायला ती आईकडूनच शिकली. दीड वर्षापूर्वी ती तोक्योला परत गेली. तरी आई गुरुवारी अजूनही एक वाटी तांदूळ जास्त धुते.

तिचं घर मात्सुयामाला, शिकोकू बेटावर. आई-वडील आणि आजी तिथे असतात, वडिलांची संत्र्यांची बाग आहे. दर फोनला ती म्हणते, आईला घेऊन माझ्या गावी जा. तिला स्वतःला सुट्टी मिळाली तर ती शनिवार-रविवार येईल, नाही मिळाली तर आम्ही दोघी आणि तिच्या घरचे. त्यांना इंग्रजी येत नाही, आम्हाला जपानी येत नाही.

हे बोलावणं मनापासूनचं समजावं का? जपानी माणसं नाही म्हणत नाहीत असं ऐकलंय, म्हणून भीती वाटते. राहायचं घरी की हॉटेलात? नेऊ काय? आई कडक शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही, तिची पंचाईत होईल का? आणि मुळात हिरोशिमाहून तिथे जायला किती वेळ मोडतो?

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने मध्येच विचारलं, तुझ्या आईची उंची किती? मी सांगितली, पण कशासाठी ते कळलं नाही.

सायकल_आणि_चहा (कोपरखैरणे)

जाण्यायेण्याचं मी सांगतो. हिरोशिमाला असाल तर मात्सुयामा अगदी समोर आहे, मध्ये फक्त समुद्र. हिरोशिमा स्टेशनवरून ट्रामने उजिना बंदरावर जायचं, तिथून बोट. जलद बोट साधारण सव्वा तासात पोचवते, मोठी फेरी पावणेतीन तास घेते. आई बरोबर आहे तर मोठी फेरीच घ्या. डेकवर उभं राहता येतं, दोन्ही बाजूंना बेटं सरकत जातात, पाणी तलावासारखं शांत असतं. रेल्वेने जायचं तर शिनकानसेन बुलेट ट्रेनने आधी ओकायामाला मागे जायचं, तिथून गाडी बदलून पुलावरून शिकोकूत उतरायचं. तो सेतो ओहाशी पूल १९८८ चा, बघण्यासारखा आहे, पण तुमच्या मार्गात उगाच वळसा पडेल. परत येताना ओसाकाहून विमान असेल तर मात्र तसं या.

रेल्वे पास डोळे मिटून काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. तुमच्या प्रवासाला सुटी तिकिटं स्वस्त पडतील, हिशेब करून बघा. ही बोट पासात बसतही नाही.

मी तिथे सायकलसाठी गेलो होतो. ओनोमिची ते इमाबारी, बेटाबेटांवरून जाणारा शिमानामी काइदो, जवळजवळ ७० किलोमीटर. इमाबारीहून पुढे मात्सुयामाला आलो आणि दोन दिवस राहिलो. शहर आटोपशीर आहे, ट्राम आहे, मधोमध टेकडीवर किल्ला आहे. जपानात जुने मूळ मुख्य बुरूज फक्त १२ किल्ल्यांचे उरलेत, त्यातला हा एक. वर जायला रोपवे आहे, त्यामुळे आईंना चढण फारशी नाही. दोगोचे गरम पाण्याचे झरे ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर. तिथली मुख्य लाकडी इमारत १८९४ ची, दुरुस्तीची कामं बरीच वर्षं चालली होती, जुलै २०२४ पासून पूर्ण उघडी आहे. आत विवस्त्र अंघोळ करायची असते, बायकांचं वेगळं असतं, तरी आईंना संकोच वाटला तर थांब्यासमोरच पाय बुडवून बसायचं उघडं कुंड आहे, फुकट. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांवर बायका बसतात ना, तशाच तिथल्या आज्या बसलेल्या असतात.

वाशी_ते_नागोया

मी कंपनीच्या कामासाठी पाच वर्षं नागोयाला होतो. माझं मत स्पष्ट आहे: राहायला हॉटेल घ्या आणि जेवायला घरी जा. घरी आजी आहे म्हणजे घराचा दिवस तिच्या वेळेवर चालतो. पाहुणा आला की जपानी आई आठवडाभर आधीपासून घर पुसत असते आणि पाहुणा झोपेपर्यंत आडवी होत नाही. भाषेचा आधार नसेल तर दोन्हीकडच्या माणसांना तीन दिवस सतत हसतमुख राहावं लागतं, त्याचा शीण येतो. हे मी कुणाला तोडायला सांगत नाहीये. एका सहकाऱ्याच्या गावी मी चार रात्री राहिलो, निघताना त्याची आई स्टेशनवर आली, तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

व्हिसाबद्दल: खर्च तुम्हीच करणार असाल तर हॉटेलांची बुकिंगं, बँकेची विवरणपत्रं, दिवसवार आराखडा हे नेहमीचंच. घरी एखादी रात्र राहणार असाल तर आराखड्यात त्या रात्रीपुढे त्यांचा पत्ता आणि फोन लिहा, आणि मैत्रिणीकडून बोलावण्याचं पत्र मागवून ठेवा. खोटं हॉटेल लिहू नका.

आणि औषधं. आईंच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आपल्याकडे सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. ठरावीक प्रमाणाच्या वर ते असेल तर आधी परवानगी घेतल्याशिवाय जपानात आणायला बंदी आहे. पाकिटावरचे घटक वाचून मगच बॅगेत टाका. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ अजिबात नेऊ नका. आंब्याचा मोसम असला तरी हापूसची पेटी इथेच ठेवा.

नौपाडेकर

तुला अगं-तुगं करते, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. मी ठाण्यात घंटाळीला बरीच वर्षं जपानी शिकवते. प्रश्न वाचला आणि उंचीपाशी आले तेव्हा थांबून पुन्हा वाचला.

अगं, उंची युकातासाठी विचारली आहे. रात्री अंघोळीनंतर घालायचा सुती अंगरखा असतो, तो उंची बघून निवडतात. तुझ्या आईसाठी कुणीतरी कपाटातून युकाता काढतंय, तो धुणार, उन्हात घालणार. जपानीतही "या एकदा घरी" हे आपल्या "या कधीतरी चहाला"सारखं असतं, ते ऐकून कुणी निघत नाही. पण नुसतं तोंडदेखलं बोलावणारं माणूस पाहुणीची उंची विचारत नाही. बोलावणं खरं आहे. जा.

वाशीकरांचं म्हणणं मला पटतं, फक्त सगळं नाही. एक रात्र घरी, एक रात्र दोगोला एखाद्या साध्या निवाऱ्यात. तसं मैत्रिणीला आत्ताच सांग: शनिवारची रात्र तुमच्याकडे, रविवारी दुपारी आम्ही दोगोला जाणार. निघायची वेळ आधीच ठरलेली असली की घरच्या बाईला मोकळा श्वास घेता येतो. एकही रात्र राहिला नाहीत, तर तो युकाता तसाच घडीत राहील.

आता काय न्यायचं ते. यावर मला जरा लांब सांगायचंय, कारण मी स्वतः यात चुकले आहे.

माझी एक मैत्रीण ताकाओकाची. तोयामा प्रांतात आहे हे गाव, तांब्या-पितळेच्या ओतकामासाठी चारशे वर्षांपासून प्रसिद्ध. ती ठाण्यात दोन वर्षं होती, माझ्याकडे मराठी शिकायला यायची. २०१७ मध्ये मी तिच्या घरी गेले. काय न्यावं या काळजीने महिनाभर दुकानं पालथी घातली. पैठणीच्या कापडाची पर्स नेली, सुका मेवा नेला, आणि अगदी शेवटी, बॅगेत जागा होती म्हणून, घरातली पितळी समई टाकली. माझ्या सासूबाईंची, वीतभर उंचीची.

तिच्या आईने सगळं दोन्ही हातांनी घेतलं आणि न उघडता आतल्या खोलीत नेलं. मला वाटलं आवडलं नाही. तसं नसतं. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, बुत्सुदान म्हणतात, आलेली भेट आधी त्यांच्यापुढे ठेवायची, घंटा वाजवून हात जोडायचे, मग घरातल्यांनी उघडायची. आपण पेढे आधी देवापुढे ठेवतो, तेच. तुझ्या आईला हे समजावून सांगायची गरजच पडणार नाही बघ.

तिचे वडील निवृत्त ओतारी. समई हातात आल्यावर त्यांनी ती आधी उलटी केली. बुडाकडून बघितली, सांध्यावरून अंगठा फिरवला, नखाने टिचकी मारून कानाशी धरली. मग उठून बुत्सुदानातली वाटीसारखी घंटा आणली, ती वाजवली आणि नाद विरेपर्यंत थांबले. पुन्हा समईवर टिचकी. पाऊण तास हेच चाललं होतं. पर्सचं काय झालं मला माहीत नाही. समई त्या माणसाच्या कामाशी जोडलेली होती, म्हणून ती पोचली. तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांची संत्र्यांची बाग आहे ना? मग दुकानातून शोभेची वस्तू आणू नकोस. आपल्या जिल्ह्यात, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, पण माझ्यासाठी तो अजून आपलाच, तिथल्या वारली कलाकाराकडून शेतीच्या कामांचं लहानसं चित्र घे. लावणी, मळणी, झाडावर चढलेली माणसं. ते त्यांना भाषेशिवाय वाचता येईल.

पण माझी चूक वेगळीच. जेवणं झाल्यावर तिच्या आईने मला विचारलं, आमची मुलगी तिथे काय खायची? कुठल्या रस्त्याने कामाला जायची? आजारी पडली का कधी? मी सरळ मनाने सांगितलं की हो, डेंग्यू झाला होता, सहा दिवस दवाखान्यात होती, रात्री मी सोबत झोपायचे. खोलीत एकदम शांतता. घरी तिने हे कधीच कळू दिलं नव्हतं. तिची आई तातामी चटईवर दोन्ही हात टेकून माझ्यापुढे वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. आणि मैत्रीण माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. तिचा राग बरोबर होता, ते माझं सांगायचं नव्हतं.

म्हणून जायच्या आधी मैत्रिणीला विचार, घरी काय काय माहीत आहे, काय सांगायचं नाही. आणि मग जे सांगण्यासारखं आहे ते भरपूर घेऊन जा. तिची इथली तीन वर्षं तिच्या आई-वडिलांनी बघितलेलीच नाहीत. ती तुम्ही बघितली आहेत. फोनमधले फोटो नकोत, आजीला पडदा दिसणार नाही. चांगल्या कागदावर छापून घे, पोस्टकार्डाच्या आकाराचे, वीस-पंचवीस. तिची इमारत, तुमचा ओटा, ती पोळ्या लाटतेय, ऐरोली स्टेशन, तुमचं दार. प्रत्येकामागे तारीख लिही आणि माझ्याकडे पाठव, मी दोन-दोन ओळी जपानीत लिहून देते. पैशांचं विचारू नकोस.

आईच्या जेवणाचं: "शाकाहारी" एवढ्याने भागत नाही. त्यांच्या आमटीपासून भाजीपर्यंत सगळ्याचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, ते बहुतेक सुकवलेल्या माशाच्या किसाचं करतात. मिसो सूपही त्यातलंच. त्यांना तो मासा वाटतच नाही. तेव्हा मैत्रिणीकडून स्पष्ट सांगून ठेव: दाशी कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, किंवा शिताके अळंबीची. त्यांच्या मठांतला स्वयंपाक असाच असतो, त्यामुळे त्यांना हे नवीन नाही. आणि बरोबर मेतकूट ने. त्यांचा भात चिकट असतो, आपल्या आंबेमोहोराच्या मऊ भातासारखा. गरम भातावर मेतकूट घातलं की आईचा जीव शांत.

अंघोळ: आधी बाहेर बसून साबण लावून पूर्ण धुवायचं, मग टबात नुसतं बसायचं. टबातलं पाणी तेच सगळ्या घराला असतं, बूच काढायचं नाही. पाहुण्याला पहिला नंबर देतील, नको नको करू नका, बाकीचे खोळंबतात. संडासातल्या चपला वेगळ्या, त्या घालून खोलीत यायचं नाही. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, ते मयताच्या भाताचं लक्षण. एवढं पुरे. बाकी चुका होऊ देत.

आणि एक माझ्या आवडीचं. मात्सुयामा हे कवी मासाओका शिकींचं जन्मगाव. १८६७ ते १९०२ एवढंच आयुष्य, शेवटची वर्षं क्षयाने अंथरुणावर, पण आज आपण ज्या चिमुकल्या कवितेला हायकू म्हणतो तिला हे नाव आणि रूप त्यांनी दिलं. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, तो वाचत आम्ही मोठ्या झालो, त्याचं एक मूळ या गावात आहे. गावभर हायकूसाठी टपालपेट्या आहेत, ट्राममध्येसुद्धा. कुणीही लिहून टाकावा. मी अजून गेले नाही. तू गेलीस तर एक टाक, मराठीत चालेल, पेटीला काय कळतंय कुठली भाषा.

दोगोहून इशिते-जी देवळापर्यंत आईला चालत ने. बौद्ध संत कोबो दाइशींच्या ८८ देवळांच्या यात्रेतलं हे ५१ वं. पूर्ण परिक्रमा बाराशे किलोमीटरच्या आसपास भरते, पांढरे कपडे आणि हातात काठी घेतलेले यात्रेकरू दिसतील. गावातले लोक त्यांना संत्रं, चहा, लाडूसारखं काही देतात, त्याला ओसेत्ताई म्हणतात. नाकारायचं नसतं. वारीत वाटेवरची गावं वारकऱ्यांना जेवू घालतात तेच. तुझी आई पंढरपूरला जाऊन आली असेल तर तिला तिथे परकं वाटणार नाही.

खाडीकिनारी (ऐरोली)

काकू, वाचून आईला दाखवलं. उंचीचं कळल्यावर ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने मेतकुटाची डाळ भाजायला घेतली. अजून दोन महिने आहेत म्हटलं तरी ऐकेना.

मैत्रिणीला विचारलं. छत गळल्याचं घरी माहीत नाही, ते सांगायचं नाही. बाकी सगळं चालेल म्हणाली. फोटो काढून ठेवतेय, २६ झालेत. तुम्हाला पाठवते.

वाशीकर, गोळ्यांबद्दल खूप आभार. आईच्या पिशवीत खरंच तसली सर्दीची गोळी निघाली.

खाडीकिनारी (ऐरोली)

परत आलो. मागच्या रविवारी. लिहायला आठवडा गेला, क्षमा करा.

मैत्रिणीला सुट्टी मिळाली नाही. बंदरावर तिचे वडील आले होते, हातात कागदावर देवनागरीत "आई" लिहिलेलं. लेकीने फोनवर शिकवलं होतं म्हणे, सगळा कागद भरेल एवढ्या मोठ्या अक्षरात. माझं नाव नव्हतं, फक्त "आई".

युकाता निळा होता, पांढऱ्या फुलांचा. आजीचा स्वतःचा. आईला घोट्यापर्यंत बरोबर आला. आजीने पट्टा बांधून दिला आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या, कितीतरी वेळ.

फोटो रात्री काढले. काकू, तुमच्या दोन ओळी तिच्या आईने प्रत्येक वेळी मोठ्याने वाचल्या, आजीसाठी. पोळ्या लाटतानाच्या फोटोपाशी ती थांबली, उठली, आणि लाटायची खूण करून आईकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून पोळ्या केल्या. लाटणं नव्हतं, बाटलीने लाटल्या. पुरण त्यांच्या अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या गोड सारणाचं. आईला ते आवडलं, इकडे करून बघणार आहे.

तिचे वडील मात्र दुसऱ्याच फोटोवर अडकले. आमच्या ऐरोलीच्या खाडीत बोटीतून काढलेला, मैत्रीण पाठमोरी, समोर पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी पट्टी. त्यांनी मोजायला सुरुवात केली, बोट ठेवून ठेवून, शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, हे प्राणिसंग्रहालय आहे का? मी म्हटलं, नाही, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, स्वतःहून येतात. वारलीचं चित्र त्यांनी बागेतल्या अवजारांच्या खोलीत लावलं, फोटो मात्र बुत्सुदानाच्या बाजूला ठेवला.

वाशीकर, तुमचं आणि काकूंचं ऐकून रविवारी दुपारी बरोबर दोनला निघालो. तिची आई ट्रामच्या थांब्यापर्यंत आली, चेहरा ताजा होता. दोगोला आई कुंडात पाय सोडून तासभर बसली. इशिते-जीला एका यात्रेकरूला तिने राजगिऱ्याची चिक्की दिली. त्याने दोन्ही हातांनी घेऊन नाव लिहिलेली कागदाची पट्टी तिला दिली, ती आता आमच्या देवघरात आहे. हायकू मी ट्राममधल्या पेटीत टाकला, मराठीत.

आता नवा प्रश्न. काल मैत्रिणीचा फोन आला, संत्र्यांची तोडणी उरकली की तिचे आई-वडील ऐरोलीला येणार म्हणतायत. वडिलांना ते पक्षी बघायचेत. कुठल्या महिन्यात बोलावू?

नौपाडेकर

फेब्रुवारी. तेव्हा खाडीत पक्षी भरपूर असतात आणि ऊनही सोसवतं. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून दिवस ठरवायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघून घे. वडिलांसाठी दुर्बीण माझ्याकडे आहे. आणि तिच्या आईची उंची विचारून ठेव.